गिटार उलटी धरली, शिकवायला कुणी नव्हतं, तरी घडली नवी शैली: एलिझाबेथ कॉटन यांचं ‘कॉटन पिकिंग’ नेमकं काय आहे?

डावखुरं मूल पहिल्यांदा गिटार हातात घेतं तेव्हा ते गिटारची मान आपोआप उजव्या हातात धरतं आणि तारा छेडायला डावा हात पुढे करतं. मग कुणीतरी म्हणतं, “अरे, उलटी धरलीस!” बहुतेकांची गिटार तिथल्या तिथे सरळ होते.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या एका कृष्णवर्णीय मुलीला मात्र असं सांगायला कुणी नव्हतं. तिने भावाचा बॅन्जो उलटा धरला आणि तसाच वाजवला. पुढे गिटारही तशीच धरली. त्या उलट्या गिटारमधून वाजवण्याची जी पद्धत तयार झाली, तिला आज ‘कॉटन पिकिंग’ म्हणतात. जगभरातले गिटारवादक ती मुद्दाम शिकतात. ही मुलगी म्हणजे एलिझाबेथ कॉटन.

ही शैली काय आहे, ती कशी तयार झाली आणि तिच्या मालकिणीला तिचं श्रेय मिळायला आयुष्य का सरावं लागलं, हे समजून घेऊया.

आधी गिटारचं साधं गणित

गिटारला सहा तारा असतात. उजव्या हाताने वाजवणारा माणूस गिटार धरतो तेव्हा सगळ्यात जाड, खर्जाची तार वर म्हणजे त्याच्या चेहऱ्याच्या बाजूला असते. सगळ्यात बारीक, उंच सुरांची तार खाली म्हणजे जमिनीच्या बाजूला असते.

बोटांनी वाजवण्याच्या शैलीत, म्हणजे फिंगरपिकिंगमध्ये, कामाची वाटणी ठरलेली असते. अंगठा वरच्या जाड तारांवर खर्जाचा ठेका धरतो. तर्जनी आणि मधलं बोट खालच्या बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवतात. म्हणजे अंगठ्याकडे तबल्यातल्या डग्ग्यासारखं काम आणि बोटांकडे गाणं. दुसरा हात गिटारच्या मानेवर तारा दाबून सूर आणि कॉर्ड्स धरतो.

आता हीच गिटार आडवी फिरवून डाव्या बाजूने धरली तर? बारीक तारा वर येतात, जाड तारा खाली जातात. पुस्तकातल्या कॉर्ड्सच्या आकृत्या उलट्या होतात आणि अंगठ्यासमोर खर्जाऐवजी गाण्याच्या तारा येतात. ठरलेली वाटणी मोडते.

डावखुऱ्यांपुढे कोणते पर्याय असतात?

जगात साधारण १० टक्के लोक डावखुरे आहेत असं मानलं जातं. गिटार वाजवताना त्यांच्यापुढे चार वाटा असतात.

पहिली, सरळ उजव्या हाताने शिकणं. ‘डायर स्ट्रेट्स’चे मार्क नॉफ्लर डावखुरे आहेत, पण गिटार उजव्या हाताच्या माणसासारखी वाजवतात. आपल्याकडचं ओळखीचं उदाहरण क्रिकेटमधलं आहे. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने आणि बॅटिंग करतो उजव्या हाताने.

दुसरी, खास डावखुऱ्यांसाठी बनवलेली गिटार घेणं. ती उजव्या गिटारची आरशातली प्रतिमा असते. अडचण एवढीच की दुकानांत तिचे मोजकेच मॉडेल मिळतात आणि बऱ्याचदा ऑर्डर देऊन मागवावी लागते.

तिसरी, उजव्या हाताची गिटार उलटी धरणं आणि तारा काढून उलट क्रमाने लावणं. जिमी हेंड्रिक्स हे याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. उलट्या स्ट्रॅटोकास्टरवर त्यांनी तारा अशा लावल्या की जाड तार पुन्हा वरच आली.

चौथी वाट सगळ्यात विचित्र वाटते. गिटार फक्त उलटी धरायची आणि तारांना हातही लावायचा नाही. सगळं उलटंच राहू द्यायचं. एलिझाबेथ कॉटन यांची वाट हीच.

भावाचा बॅन्जो आणि पावणेचार डॉलरची गिटार

एलिझाबेथ यांचा जन्म १८९० च्या दशकात नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलजवळ, आज कारबरो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात झाला. माहेरचं आडनाव नेव्हिल्स. तो काळ वर्णभेदाच्या कायद्यांचा होता. शाळा, गाडी, नोकरी, सगळीकडे काळ्या माणसांसाठी वेगळे आणि कमी दर्जाचे नियम होते.

घरात मोठ्या भावाचा बॅन्जो होता. भाऊ कामावर गेला की ती तो हळूच घेऊन वाजवायची. बॅन्जो भावाचा, तारा त्याच्या हाताला सोयीच्या. त्या बदलण्याचा तिला अधिकारच नव्हता, कारण तो संध्याकाळी परत आला की वाद्य जसंच्या तसं सापडायला हवं. म्हणून तिने वाद्य बदललं नाही, फक्त स्वतःच्या हाताप्रमाणे फिरवून धरलं.

शाळा लवकर सुटली आणि अकरा-बारा वर्षांची असतानाच ती लोकांकडे घरकाम करू लागली. पगार महिन्याला एक डॉलरच्या आसपास. त्यातून पैसे साठवून तिने ३ डॉलर ७५ सेंटला स्टेला कंपनीची गिटार घेतली. म्हणजे कित्येक महिन्यांची पूर्ण कमाई एका वाद्यात घातली.

आता गिटार स्वतःची होती, तारा हव्या तशा लावता आल्या असत्या. पण तोवर हातांना उलट्या तारांची सवय झाली होती. याच वयात तिने एक गाणं रचलं. घराजवळून रेल्वेचे रूळ जायचे, मालगाड्यांचा आवाज रोज कानावर पडायचा. गाण्याचं नाव ‘फ्रेट ट्रेन’, म्हणजेच मालगाडी. हे गाणं पुढे लोकसंगीत शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गिटारवादकाच्या वाट्याला येणार होतं.

मग ‘कॉटन पिकिंग’मध्ये वेगळं काय आहे?

एलिझाबेथ यांच्या उलट्या गिटारवर बारीक तारा वर होत्या, म्हणजे अंगठ्यासमोर. जाड तारा खाली होत्या, म्हणजे बोटांसमोर. त्यामुळे त्यांनी कामाची अदलाबदल केली. खर्जाचा ठेका तर्जनीने आणि गाण्याची चाल अंगठ्याने.

ऐकायला ही छोटी गोष्ट वाटते, पण त्यातून तीन फरक पडतात.

पहिला फरक वजनाचा. अंगठा हे हातातलं सगळ्यात दणकट बोट. नेहमीच्या पद्धतीत त्याची ताकद खर्जाला मिळते, इथे ती चालीला मिळते. म्हणून कॉटन यांच्या वादनात गाण्याची चाल भरीव आणि ठळक ऐकू येते. खालचा ठेका मात्र हलका राहतो, तो चालीला दाबून टाकत नाही.

दुसरा फरक दिशेचा. अंगठा तार खालच्या दिशेने ढकलतो आणि बोट तार वरच्या दिशेने, तळहाताकडे ओढतं. नेहमीच्या फिंगरपिकिंगमध्ये खर्जाच्या तारेला खाली जाणारा फटका बसतो. इथे खर्ज वर ओढून वाजतो आणि गाणं खाली ढकलून. दोन्ही तारांचा सूर सुटण्याची पद्धतच बदलते.

तिसरा फरक दुसऱ्या हाताचा. तारा उलट्या असल्यामुळे कॉर्ड धरताना बोटांची रचनाही वेगळी होते. जी तार इतरांच्या तर्जनीजवळ असते, ती इथे दुसऱ्याच बोटाच्या वाटेला येते. त्यामुळे कोणत्या कॉर्डवरून कोणत्या कॉर्डवर जाणं सोपं, हे गणितही बदलतं आणि वाजवणारा नकळत वेगळ्या जागा निवडू लागतो.

‘फ्रेट ट्रेन’ ऐकताना एक प्रयोग करून बघा. आधी फक्त खालच्या सुरांकडे लक्ष द्या. दोन तारांमध्ये आलटून पालटून जाणारा एकसारखा ठेका ऐकू येईल, रुळांवरून जाणाऱ्या चाकांसारखा. मग फक्त वरच्या चालीकडे लक्ष द्या. दोन माणसं वाजवत असल्यासारखं वाटतं, पण वाजवणारा हात एकच आहे.

गंमत म्हणजे उजव्या हाताने वाजवणाऱ्यांना हे गाणं शिकायचं असेल तर ते भाषांतर करून शिकावं लागतं. सूर तेच ठेवायचे, पण अंगठ्याचं काम बोटांना आणि बोटांचं काम अंगठ्याला द्यायचं. सूर जुळतात, तरी मूळ वजन हुबेहूब उतरत नाही.

गिटार कित्येक वर्षं बंद का होती?

एवढी कला हातात असूनही एलिझाबेथ यांचं नाव पन्नाशी उलटेपर्यंत कुणाला माहीत नव्हतं. कारण मधल्या मोठ्या काळात त्यांनी गिटार वाजवलीच नाही.

सतराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचं फ्रँक कॉटन यांच्याशी लग्न झालं, लिली नावाची मुलगी झाली. चर्चमधल्या लोकांनी सांगितलं की असं ऐहिक संगीत सोडून दे, देवाची गाणी म्हण. संसार, घरकामाची नोकरी आणि चर्च यांत गिटार मागे पडली. हा खंड पंचवीस वर्षांहून मोठा होता.

१९४० च्या दशकात त्या वॉशिंग्टनमध्ये होत्या. लॅन्सबर्ग नावाच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये काम करताना त्यांना गर्दीत आईपासून चुकलेली एक लहान मुलगी सापडली. त्यांनी ती आईकडे नेऊन दिली. मुलीचं नाव पेगी सीगर आणि आई होती संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर. या ओळखीतून एलिझाबेथ सीगर कुटुंबाच्या घरी स्वयंपाक आणि घरकाम करू लागल्या.

हे घर साधं नव्हतं. वडील चार्ल्स सीगर संगीताचे अभ्यासक. रूथ लोकगीतं कागदावर उतरवत होत्या. प्रसिद्ध लोकगायक पीट सीगर हे चार्ल्स यांचे पहिल्या लग्नाचे चिरंजीव. पेगी आणि तिचा भाऊ माइक पुढे स्वतः मोठे कलाकार झाले. घरात गिटार होतीच. काम करता करता एलिझाबेथ यांनी एक दिवस ती उचलली, आणि मुलांना कळलं की आपल्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईंना वाजवता येतं. याच घरातल्या लहान मुलांनी त्यांना ‘लिबा’ हे नाव दिलं. पुढे रसिकही त्यांना त्याच नावाने ओळखू लागले.

लोकसंगीत शोधत फिरणाऱ्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरातच एक अस्सल लोककलाकार काम करत होती आणि हे त्यांना बऱ्याच काळाने समजलं.

गाणं तिचं, नाव दुसऱ्यांचं

१९५० च्या दशकात पेगी सीगर इंग्लंडला गेली. तिथे ती ‘फ्रेट ट्रेन’ गायची. त्या वेळी ब्रिटनमध्ये ‘स्किफल’ची लाट होती. गिटार आणि घरगुती वस्तूंपासून बनवलेली वाद्यं घेऊन तरुण मुलं अमेरिकन लोकगीतं वाजवायची. १९५७ मध्ये चास मॅकडेविट स्किफल ग्रुपने नॅन्सी व्हिस्की यांच्या आवाजात हे गाणं रेकॉर्ड केलं आणि ते ब्रिटनच्या टॉप टेनमध्ये गेलं.

पण रेकॉर्डवर गाणं लिहिणाऱ्यांची नावं होती पॉल जेम्स आणि फ्रेड विल्यम्स. एलिझाबेथ कॉटन हे नाव नव्हतं.

असं का होऊ शकलं? कॉपीराइटच्या व्यवहारात कागद बोलतो. गाणं कुणी, कधी रचलं याचा लेखी किंवा छापील पुरावा नसेल तर ते ‘पारंपरिक’ समजलं जातं, आणि जो आधी नोंद करतो त्याचं नाव लागतं. एलिझाबेथ यांच्याकडे ना स्वरलिपी होती, ना रेकॉर्ड, ना प्रकाशक. ज्या कारणामुळे त्यांना शिकवायला कुणी नव्हतं, त्याच कारणामुळे त्यांचं गाणं लिहून ठेवायलाही कुणी नव्हतं. गरीब, काळी, लहान वयात शाळा सुटलेली मुलगी. तिच्या रचनेची नोंद कुठे होणार?

सीगर कुटुंब त्यांच्या बाजूने उभं राहिलं. वाद झाला, तोडगा निघाला आणि गाण्यावर एलिझाबेथ कॉटन यांचं नाव आलं. दरम्यान माइक सीगर यांनी त्यांचं वादन त्यांच्या घरी जाऊन टेप केलं होतं. १९५८ मध्ये फोकवेज कंपनीने ‘फोकसाँग्ज अँड इन्स्ट्रुमेंटल्स विथ गिटार’ हा अल्बम काढला. तोपर्यंत एलिझाबेथ साठीच्या घरात पोहोचल्या होत्या.

साठीनंतर सुरू झालेली कारकीर्द

१९६० मध्ये माइक सीगर यांच्याबरोबर स्वार्थमोर कॉलेजमध्ये त्यांचा पहिला मोठा जाहीर कार्यक्रम झाला. पुढे न्यूपोर्टसारख्या महोत्सवांतून त्या वाजवू लागल्या. तरी घरकामाची नोकरी लगेच सुटली नाही. स्टेजवर टाळ्या मिळत होत्या, पण घर चालवायला पगार लागत होता.

पुढची दोन दशकं त्या वाजवत राहिल्या आणि नवी गाणीही रचली. ‘शेक शुगरी’ हे त्यांचं गाजलेलं गाणं त्यांनी घरातल्या पतवंडांना बरोबर घेऊन रचलं. १९७८ मध्ये त्या न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात राहायला गेल्या. १९८४ मध्ये त्यांना अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली. १९८५ मध्ये, वयाच्या नव्वदीत, ‘एलिझाबेथ कॉटन लाइव्ह!’ या अल्बमसाठी ग्रॅमी मिळालं. २९ जून १९८७ ला त्यांचं निधन झालं. २०२२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांना ‘सुरुवातीचा प्रभाव’ या विभागात स्थान दिलं. कारबरोमध्ये आज रेल्वेरुळांच्या कडेने जाणाऱ्या सायकलमार्गाला त्यांचं नाव आहे.

असे ‘उलटे’ वादक आणखी कोण?

तारा न बदलता उलटी गिटार वाजवणाऱ्या त्या एकट्या नाहीत. आणि गंमत अशी की प्रत्येकाच्या उलट्या गिटारमधून वेगळंच काही निघालं.

ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगही स्वतःच शिकलेले आणि डावखुरे. ब्लूजमध्ये तार बाजूला ताणून सूर चढवतात, त्याला बेंड म्हणतात. बहुतेक वादक बारीक तारा वर ढकलतात. किंग यांच्या बारीक तारा वरच होत्या, म्हणून ते त्या खाली ओढायचे. ओढताना पूर्ण मुठीची ताकद लागते, त्यामुळे त्यांचे बेंड लांबलचक आणि जोरकस असायचे. १९६७ चा ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ हा त्यांचा अल्बम आजही गिटार शिकणारे पुन्हा पुन्हा ऐकतात.

सर्फ संगीताचे डिक डेलही असेच. १९६२ चं त्यांचं ‘मिसिर्लू’ तुम्ही नक्की ऐकलं असेल. १९९४ च्या ‘पल्प फिक्शन’ सिनेमाच्या सुरुवातीला वाजतं ते हेच.

कॉटन यांना उलट्या गिटारने चालीचं वजन दिलं, किंग यांना बेंड दिले. म्हणजे उलटी गिटार स्वतः शैली देत नाही. ती फक्त नेहमीचा रस्ता बंद करते. पुढचा रस्ता ज्याचा त्याने वर्षानुवर्षं वाजवूनच काढावा लागतो.

तुम्ही डावखुरे असाल तर काय करावं?

• हातात काहीही न घेता गिटार वाजवण्याचा अभिनय करा. छेडायला कोणता हात पुढे येतो ते बघा. ठेका याच हातात असतो, त्यामुळे हा संकेत महत्त्वाचा.

• अजून शिकायला सुरुवातच केली नसेल तर उजव्या गिटारवर काही आठवडे प्रामाणिकपणे प्रयत्न करून बघा. जमलं तर कुणाचीही गिटार उचलून वाजवता येते, हा मोठा फायदा आहे. ठेका सतत अडखळत असेल तर स्वतःवर जबरदस्ती करू नका.

• उजव्या गिटारच्या तारा उलट्या लावायच्या असतील तर आधी दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा. तारा ज्या खाचांतून जातात त्या नटच्या खाचा जाडीनुसार कापलेल्या असतात. स्टीलच्या तारांच्या गिटारवर ब्रिजवरची सॅडल तिरकी असते, नुसत्या तारा बदलल्या तर वरच्या जागांवर सूर बेसूर लागतात. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर हा बदल तुलनेने सोपा असतो.

• तारा न बदलता नुसती गिटार उलटी धरली तर नट आणि सॅडलची ही अडचण येत नाही, कारण प्रत्येक तार आपल्या मूळ जागीच असते. पण कॉर्ड्सच्या आकृत्या आणि बहुतेक व्हिडिओ तुम्हाला थेट उपयोगी पडणार नाहीत. इलेक्ट्रिक गिटार असेल तर आवाजाची बटणंही वर येतात आणि हात त्यांना लागतो.

• क्लास लावणार असाल तर शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा आणि विचारा. समोरासमोर बसून शिकताना डावखुऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक आरशासारखे दिसतात. त्यामुळे त्यांचं बघून शिकणं उलट सोपं जातं.

या गोष्टीतून काय घ्यायचं?

एलिझाबेथ कॉटन यांची गोष्ट बऱ्याचदा ‘अडचणीचं सोनं केलं’ अशा थाटात सांगितली जाते. ते अर्धंच खरं आहे. शिकवणारं कुणी नसल्यामुळे त्यांचा हात कुणी ‘सुधारला’ नाही, हे खरं. पण शिकवणारं कुणी नव्हतं ते त्यांच्या निवडीमुळे नव्हे. तशी सोय त्यांच्यासारख्या मुलींसाठी नव्हतीच. त्याच परिस्थितीने त्यांची गिटार कित्येक वर्षं बंद ठेवली आणि त्यांचं गाणं दुसऱ्यांच्या नावावर जाऊ दिलं.

आपल्याकडेही ‘त्या हाताने नको, या हाताने घे’ हे वाक्य घराघरात ऐकू येतं. पुढच्या वेळी एखादं मूल वाद्य उलटं धरताना दिसलं तर ते लगेच सरळ करायची घाई करू नका. आधी दोन मिनिटं ऐका. आणि त्याने काही रचलं असेल तर त्याच्या नावाने, तारीख घालून रेकॉर्ड करून ठेवा. आज त्याला फक्त एक फोन लागतो.